रणगाडा कशाने गेला ते आधी ठरवा, रंगाच्या बाटल्या नंतर उघडा

प्रश्न विचारणाऱ्या मित्राने लिहिलंय की आत्तापर्यंत तीन मॉडेल किट नीट पूर्ण केलीत, आता १/३५ स्केलमध्ये १९६५ च्या भारत-पाक युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईतला जळालेला पॅटन (पाकिस्तानकडचा अमेरिकी रणगाडा) करायचाय, जवळ तामिया कंपनीचं एम४८ए३ चं, म्हणजे पॅटनच्याच एका आवृत्तीचं किट आहे. सराव म्हणून एका जुन्या टी-३४ वर लायटरने प्लास्टिक वितळवून बघितलं, वर सगळीकडे गंजाचा रंग मारला, पण तो 'युद्धात गेलेला रणगाडा न वाटता गॅसवर पडलेलं खेळणं वाटतो'. तर गंज आणि काजळी कशी रंगवायची, कुठले रंग घ्यायचे, असा प्रश्न आहे.

मी गेली बावीस वर्षं मॉडेलं करतोय, त्यातली शेवटची बारा-तेरा जास्त करून मोडलेली, जळालेली, सोडून दिलेलीच वाहनं करतोय. माझ्या मते तुमची अडचण रंगाची नाहीये. तुमच्या टी-३४ ला काय झालं ते तुम्ही ठरवलंच नव्हतं, त्यामुळे त्याला सगळंच थोडं थोडं झालंय. तो वितळलाय, गंजलाय, काळा पडलाय, वाकलाय, पण यातलं काहीच दुसऱ्या कशामुळे झालंय असं दिसत नाही. बघणाऱ्याला रणगाड्यातलं ओ की ठो कळत नसलं तरी हे त्याच्या डोळ्याला बरोबर खटकतं. खऱ्या गाडीवर प्रत्येक खुणेला कारण असतं, गोळा इथे लागला म्हणून आग तिथे लागली, आग तिथे लागली म्हणून त्या बाजूची चाकं अशी झाली, वारा इकडून होता म्हणून काजळी तिकडे गेली. ही साखळी आधी कागदावर मांडायची. मी प्रत्येक मॉडेलच्या आधी वहीत अर्धं पान लिहितो, काय लागलं, कुठे लागलं, आग लागली का, माणसं बाहेर पडली का, आणि आपण ही गाडी घटनेनंतर किती वेळाने बघतोय. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण नेमका तोच विसरतात.

पहिल्यांदा लायटरचं सांगतो, ते बंद करा. एक तर पॉलिस्टायरिनचा धूर विषारी असतो, बंद खोलीत तर अजिबातच नको. दुसरं म्हणजे चिलखती पोलाद असं मऊ होऊन ओघळत नाही. एम४८ चा पुढचा भाग ओतीव पोलादाचा आहे, जाडी साधारण ११० मिमी. आतल्या आगीत तो वितळत नाही, गोळा लागला तरी वाकत नाही, त्याला भोक पडतं, ओरखडा पडतो किंवा तडा जातो, एवढंच. वाकतो, चुरगळतो, फाटतो तो पातळ पत्रा, म्हणजे मडगार्ड, सामानाच्या पेट्या, दिव्यांचे पिंजरे वगैरे. एकाच गाडीवर जाड भाग जसाच्या तसा आणि पातळ भाग पार चोळामोळा झालेला असला की वजन दिसतं, पंचेचाळीस टनाची गाडी आहे हे पटतं. तुमच्या टी-३४ चं चिलखत आणि मडगार्ड सारखेच मऊ झालेत, म्हणून तो खेळणं वाटतोय.

आता किटचं. इथे थोडं वाईट सांगावं लागतंय. तामियाचं एम४८ए३ किट जुनं असलं तरी चांगलं आहे, पण ए३ ही डिझेल इंजिनवाली नंतरची आवृत्ती, व्हिएतनामवाली. पाकिस्तानकडे १९६५ मध्ये होते ते एम४७ आणि पेट्रोलवर चालणारे सुरुवातीचे एम४८. फरक मागच्या बाजूला लगेच दिसतो. सुरुवातीच्या एम४८ चं इंजिनावरचं झाकण बरंच सपाट आणि जाळ्या-जाळ्यांचं असतं, ए२ पासून पुढे ते फुगीर झालं आणि मागे आडव्या पट्ट्यांचे मोठे दरवाजे आले. किटमध्ये टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर लावायचा मोठा सर्चलाइट येतो तोही तुम्हाला चालणार नाही. म्हणजे ड्रॅगनचं एम४८ए१ शोधा, नाहीतर इतालेरीचं किंवा ताकोमचं एम४७ घ्या. एम४७ सुद्धा त्या लढाईत भरपूर होते आणि ते किट मिळायला त्या मानाने सोपं जातं. दोन्ही ओळखायची सोपी खूण म्हणजे एम४७ चं टरेट पुढे निमुळतं आणि मागे लांब, ट्रॅकचा पट्टा वरून पेलणारे रोलर एका बाजूला तीन. सुरुवातीच्या एम४८ चं टरेट उपड्या वाडग्यासारखं गोल आणि वरचे रोलर पाच. फोटो बघताना हे आधी मोजायचं आणि मगच ठरवायचं.

तुमचं तामियाचं किट वाया नाही जाणार, ते सरावाला ठेवा. किंवा मागचा भाग पूर्ण जळून झाकणं उडालेली दाखवून ती सगळी जाळी स्वतः बनवायची, पण पहिल्याच प्रयत्नात एवढी उडी मी तरी मारणार नाही.

आता लढाईकडे येऊ, कारण मॉडेलचं अर्धं उत्तर तिथेच आहे. असल उत्तर हे गाव पंजाबात खेमकरणजवळ, ८ ते १० सप्टेंबर १९६५. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन पॅटन घेऊन आत आली, आपल्या बाजूला चौथी माउंटन डिव्हिजन आणि दुसरी स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड. ब्रिगेडमध्ये थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन रणगाडे होते, डेक्कन हॉर्सचे शर्मन, आणि एट्थ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३. घोड्याच्या नालाच्या आकारात मोर्चेबांधणी, उंच उभ्या उसात लपलेले रणगाडे आणि तोफा, आणि कालवा फोडून शेतात सोडलेलं पाणी. पॅटन त्या चिखलात रुतले आणि बाजूने मारले गेले. चौथ्या ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस गनने (मागे धक्का न देणाऱ्या हलक्या तोफेने) एकामागून एक पॅटन उडवले आणि १० सप्टेंबरला तिथेच त्यांना वीरमरण आलं, नंतर परमवीर चक्र मिळालं. आपल्या बाजूच्या मोजणीप्रमाणे पाकिस्तानचे शंभरच्या आसपास रणगाडे तिथे पडले, आणि त्यातले बरेच जळालेले नव्हतेच! चिखलात अडकलेले, माणसं उतरून गेलेली, असे चांगल्या अवस्थेत हाती आले.

हे एवढ्यासाठी सांगतोय की 'असल उत्तरचा पॅटन' म्हटलं की आपोआप जळालेला सांगाडा डोळ्यासमोर येतो, पण तिथलं खरं दृश्य जास्त करून पोटापर्यंत चिखलात बसलेली, हॅच (आत-बाहेर जायची झाकणं) उघड्या टाकलेली अख्खी गाडी हे आहे. तुम्हाला जळालेलाच करायचा असेल तर जरूर करा, तसेही होते. फक्त दोन गोष्टी मिसळू नका, म्हणजे पूर्ण गंजलेला सांगाडा आणि त्याच्या मडगार्डवर नीट गुंडाळलेली ताडपत्री हे एकत्र चालत नाही.

फोटोंच्या बाबतीत एक मोठा खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलोय. पकडलेले पॅटन नंतर भिखीविंडला गोळा करून रांगेत लावले होते, 'पॅटन नगर' म्हणतात ते. इंटरनेटवर मिळणारे बरेच फोटो तिथलेच आहेत. म्हणजे त्या गाड्या ओढून किंवा चालवून तिथे आणलेल्या आहेत, सुटण्यासारखं सामान तोपर्यंत काढून घेतलेलं आहे, चिखल वाळून अर्धा गळून गेलाय, जमीन कोरडी आहे. तो फोटो बघून बनवलेला पॅटन तुम्ही ओल्या उसाच्या शेतात ठेवलात तर गाडी एका आठवड्यातली आणि जमीन दुसऱ्या आठवड्यातली असं होईल. मी माझ्या दुसऱ्या पॅटनला हेच केलं होतं, चार महिने रोज संध्याकाळी बसून. मॉडेल दिसायला चांगलं झालं, पण ट्रॅकवर कोरडी पांढरट माती आणि खाली चमकणारं पाणी, ते काही केल्या जुळेना आणि मला ते कळायला वर्ष लागलं. आता मी प्रत्येक फोटोखाली लिहून ठेवतो, लढाईच्या जागेवरचा, गोळा केल्यानंतरचा, की स्मारक म्हणून ठेवलेला.

स्मारकांवरून आठवलं, तुम्ही पुण्याकडचे दिसताय म्हणून सांगतो, नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम एकदा तरी बघाच, आता अहिल्यानगर. आर्मर्ड कोअरच्या सेंटरने १९९४ मध्ये उभं केलेलं आहे आणि तिथे पॅटनशेजारी उभं राहून बघता येतं. पण तिथे काय बघायचं ते ठरवून जा. रंग बघू नका, कारण अशा ठिकाणच्या गाड्या वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा रंगवलेल्या असतात, रंगाचे थर बसून बारीक कडा भरून गेलेल्या असतात. बघायचं ते ओतकामाचा पोत, जो खडबडीत असतो पण वाळूच्या कागदासारखा नाही, लाटालाटांचा असतो. वेल्डिंगची जाडी बघा, मडगार्डचा पत्रा किती पातळ आहे ते बघा, ट्रॅक वरच्या रोलरवर किती झोळ देऊन बसतो ते बघा. आपल्या उंचीशी चाक किती मोठं आहे ते बघा. घरी आल्यावर किटमधलं मडगार्ड हातात घेतलंत की तुम्हालाच ते पाटासारखं जाड वाटायला लागेल.

ते खरंच जाड आहे. हिशोब करून बघा. किटचा भाग १ मिमी जाड असेल तर १/३५ ने तो साडेतीन सेंटिमीटर जाड पत्रा झाला. एवढ्या जाडीचं मडगार्ड वाकवलं तर कोणाला पटणार? म्हणून जो पत्रा वाकलेला दाखवायचाय तो किटमधून कापून टाका आणि धातूचा लावा. हॉटेलच्या पार्सलचे जे अ‍ॅल्युमिनियमचे डबे येतात त्याचा तळ सुंदर चालतो, बोटाने वाकतो आणि वाकलेला तसाच राहतो, घडी पडते तीही खऱ्या पत्र्यासारखी. थोडा ताठ हवा असेल तर कोल्ड्रिंकचा कॅन कापा, तो साधारण ०.१ मिमी असतो, म्हणजे स्केलमध्ये साडेतीन मिमी, अगदी बरोबर. कडा धारदार असतात, हातमोजे घाला. किटचा भाग साचा म्हणून वापरून पत्र्यावर आखायचा, कापायचा, फेवीक्विकने चिकटवायचा आणि चिकटवल्यानंतरच वाकवायचा, आधी वाकवून चिकटवला तर वाकण्याची दिशा गाडीशी जुळत नाही.

चिलखताचं नेमकं उलट. किटची हल, म्हणजे गाडीचं खालचं धड, आतून पोकळ आणि दीड मिमी जाड, खरं चिलखत स्केलमध्ये पुढे ३ मिमीच्या वर. म्हणून जिथे भोक पाडणार आणि जी हॅच उघडी ठेवणार तिथे आतून प्लास्टिकचे तुकडे लावून जाडी वाढवा. हे काम कोणी करत नाही आणि भोकातून डोकावलं की पत्र्याचा डबा दिसतो.

आता भोक. किती मोठं, हे कशाने मारलं त्यावर ठरतं. त्यावेळच्या आपल्या सेंच्युरियनची तोफ २० पाउंडर, तोंड साधारण ८४ मिमी. पूर्ण व्यासाचा भरीव गोळा आरपार गेला तर स्केलमध्ये भोक २.४ मिमी, सॅबो, म्हणजे हलक्या कवचात बारीक गाभा असलेला गोळा, असेल तर आतला गाभाच आत जातो म्हणून बरंच बारीक. शर्मनची ७६ मिमी म्हणजे २.२. जीपवरच्या रिकॉइललेसचा हीट (HEAT, रणगाडाभेदी स्फोटक) गोळा असेल तर गंमत अशी की गोळा मोठा पण भोक लहान, कारण तो स्फोटाने धातूची बारीक धार आत घुसवतो. बाहेरून दोन-चार सेंटिमीटरचं भोक, म्हणजे १ मिमीच्या आसपासचं ड्रिल पुरे, आणि त्याच्याभोवती पाण्याचा थेंब पडल्यासारखे उथळ शिंतोडे. लोकं १० मिमीचं ओबडधोबड भगदाड पाडतात आणि कडा फुलासारख्या बाहेर उमलवतात, ते सिनेमात होतं. पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) स्वच्छ गोल भोक पाडा, गोळा तिरका लागलेला असेल तर किंचित लंबगोल करा, बाहेरच्या कडेला एमसीलची केसाएवढी बारीक कड ओढा, बस. शेजारी एखादा न घुसता घसरून गेलेला मार दाखवला, म्हणजे लांबट चमच्यासारखा खळगा, तर फार छान दिसतं, कारण बहुतेक गाड्यांना एकापेक्षा जास्त गोळे लागलेले असतात आणि सगळे काही आत गेलेले नसतात.

भोक कुठे, हाही विचार करा. त्या लढाईत मार बाजूने बसत होता, म्हणून हलच्या बाजूला, चाकांच्या वर किंवा टरेटच्या बगलेत. ऐन पुढच्या नाकावर तीन भोकं दाखवली तर बघणारा विचारेल की समोरून एवढ्या जवळ कोण गेलं होतं.

आता आग, तुमचा मूळ प्रश्न. समजा भोक उजव्या बाजूला मागे, इंजिनजवळ. पेट्रोलने पेट घेतला. आता पुढे काय काय होतं ते ओळीने बघा. चाकांवरचं रबर जळतं, उरते ती नुसती लोखंडी धाव, आणि ट्रॅकवरचं रबरही जळतं. रबर गेल्यामुळे चाक लहान होतं, ट्रॅक ढिला पडतो. उष्णतेने टॉर्शन बारचं, म्हणजे चाकांना स्प्रिंगसारखं पेलणाऱ्या पोलादी दांड्यांचं, पाणी उतरतं, स्प्रिंगपणा जातो आणि गाडी खाली बसते, पण आग होती तिकडेच जास्त. म्हणजे मागचा उजवा कोपरा ३ ते ५ मिमी खाली, पुढचा डावा जवळपास जागेवर. हा तिरकेपणा हल बांधतानाच करावा लागतो, चाकांचे आर्म कापून वेगळ्या कोनात चिकटवावे लागतात, नंतर नाही जमत. किटमधले रबरी पट्ट्याचे ट्रॅक इथे उपयोगाचे नाहीत, सुट्या कड्यांचे घ्या, कारण झोळ आणि तुटणं दोन्ही त्यातच दाखवता येतं.

माझ्या पहिल्या जळालेल्या मॉडेलला, तो पॅटन नव्हता शर्मन होता, मी हल पूर्ण जाळली होती, राख, गंज सगळं, दोन महिने खपून. एका प्रदर्शनात आर्मर्डमधून निवृत्त झालेले एक रिसालदार आले, बराच वेळ वाकून बघत होते, मग अगदी शांतपणे विचारलं, 'साहेब, एवढी आग लागली तर टायरांचं रबर कसं राहिलं?' मी चाकं काळी रबराची तशीच ठेवली होती. त्यांनी पुढचा अर्धा तास उभ्याने मला गाडी कशी जळते ते सांगितलं, कुठून धूर आधी येतो, झाकणं कशी उडतात, आतला दारूगोळा थांबून थांबून कसा फुटत राहतो. मी आज जे सांगतोय त्यातलं निम्मं त्या अर्ध्या तासातलं आहे.

रंगाचं. जळालेलं पोलाद एका रंगाचं नसतं आणि पहिल्या दिवशी ते तांबडंही नसतं. आग विझल्यावर लगेच बघितलं तर राखाडी, पांढरट, काळं असं मिश्रण असतं, जिथे सगळ्यात जास्त तापलं तिथे रंग पूर्ण जळून फिकट राख. मग दव पडलं, पाऊस आला की उघडं पडलेलं पोलाद एक-दोन दिवसांत भगव्याकडे झुकणारा तांबूस रंग धरतं, एकदम उजळ. महिने गेले की तो गडद तपकिरी होतो. तुमचा सप्टेंबर, शेतात पाणी, हवेत दमटपणा, म्हणजे तीन-चार दिवसांनंतरचं दृश्य धरलंत तर उजळ तांबूस आणि राखेचा पांढरा दोन्ही एकत्र दाखवता येतात, मी तोच वेळ घेईन, रंगवायला सगळ्यात श्रीमंत तोच आहे.

मी असं करतो. जळालेल्या भागावर आधी मॅट काळपट तपकिरी. त्यावर स्पंजच्या तुकड्याने मधला गंज, ठिपक्या-ठिपक्यांनी, ब्रशने नाही. त्यावर त्याहून कमी ठिकाणी उजळ तांबूस. मग पावडर. पावडरीसाठी महागड्या बाटल्यांची गरज नाही, गेरू घ्या. गेरू म्हणजे लोखंडाचंच ऑक्साइड, गंज म्हणजेही तेच, त्यामुळे रंग जुळवत बसावं लागत नाही. फक्त तो खलात घोटून जुन्या मलमलीतून दोनदा चाळा, नाहीतर स्केलमध्ये खडी दिसते. राखेसाठी उदबत्तीची राख, तीही चाळून. टर्पेंटाइनमध्ये कालवून लावायची, ओली असताना गडद दिसते म्हणून घाबरायचं नाही, वाळल्यावर बघायचं. मॅट वार्निश पावडरीवर थेट मारू नका, निम्मा परिणाम उडून जातो, मी नुसतं टर्पेंटाइनने बसवतो आणि मॉडेलला हात लावत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो जळालेला भाग आणि न जळालेला भाग यांच्या मधल्या पट्ट्याला. हिरवा रंग असा एकदम संपत नाही, आधी तो काळवंडतो, मग त्याला फोड येतात, मग खपल्या निघतात, मग उघडं पोलाद. फोडांसाठी रंगात चिमूटभर खायचा सोडा मिसळून थापायचा. खपल्यांसाठी हेअरस्प्रे किंवा मीठ. खाली गंजाचा रंग पूर्ण वाळवा, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हात, मग वर पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक हिरवा, आणि अर्ध्या तासाने ओल्या ब्रशने हलकं घासा, वरचा रंग तुकड्या-तुकड्यांनी निघतो. वरचा रंग लॅकर थिनरने पातळ केलात तर तो इतका घट्ट बसतो की निघत नाही, त्यामुळे पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. एअरब्रश नसेल तरी मीठाने जमतं, ओल्या पृष्ठभागावर जाडं-बारीक मीठ टाकून वाळवायचं, स्प्रे कॅनने हलका हात मारायचा, वाळल्यावर मीठ झटकून टाकायचं. आणि हे सगळं खिडकी उघडून, मास्क लावून.

काजळी मी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी मारतो. ती ज्या भोकातून किंवा हॅचमधून आग बाहेर आली त्याच्या वरच्या बाजूला आणि वाऱ्याच्या दिशेला जाते, चारी बाजूंना गोल पसरत नाही. आणि जिथे आग खूप वेळ टिकली तिथे काजळीसुद्धा जळून जाते, म्हणून ऐन तोंडाशी फिकट आणि जरा वर काळं. तुमच्या टी-३४ चे फोटो बघितले, प्रत्येक हॅचभोवती काळी अंगठी आहे. त्यातल्या एकीच्याच वर ठेवा आणि बाकीच्या पुसून टाका, नुसत्या तेवढ्याने मॉडेल निम्मं सुधारेल. आज रात्री करून बघा.

जमीन कशी करायची ते तुम्ही विचारलेलं नाही, पण ऊस करावाच लागेल म्हणून थोडक्यात सांगतो. ऊस अडीच-तीन मीटर उंच धरला तर स्केलमध्ये ७ ते साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे हा ऊस तुमच्या पॅटनच्या टरेटएवढा किंवा जास्तच उंच उभा राहणार. याचा फायदा घ्या, एका बाजूने गाडी उसात अर्धी झाकलेली दाखवा. कांड्यांना पाऊण मिमी तांब्याची तार, पेरांना रंगाचे थेंब, पानं पातळ कागदाची, मधोमध घडी घालून. आपल्यापैकी ज्यांचं गाव ऊसपट्ट्यात आहे त्यांना सांगायला नको की खालची पानं वाळलेली, लोंबणारी असतात आणि वरचीच हिरवी, पण बऱ्याच मॉडेलमध्ये ऊस खालपासून वरपर्यंत पोपटी असतो. गाडी जिथून आत आली तिथला ऊस आडवा पडलेला हवा, आणि एम४८ च्या ट्रॅकची रुंदी साधारण ७१ सेंटिमीटर, म्हणजे चाकोरी २ सेंटिमीटर रुंद. रुतलेल्या गाडीच्या पुढे चिखलाचा ढीग जमतो, बाजूंना भिंती उभ्या राहतात, कारण ती निघायचा प्रयत्न करत तिथेच ट्रॅक फिरवत राहिलेली असते. चिखल ओला असताना मॉडेल त्यात दाबून बसवा, वरून ठेवलेलं लगेच कळतं.

वेळेचं आणि जमण्याचं खरं सांगायचं तर ते तुमच्यावर आहे. रोज तासभर मिळत असेल तर तीन-चार महिने धरा. हल नीट तिरकी बसवली आणि साखळी नीट लिहिली तर साध्या रंगानेही काम होतं, आणि ते दोन्ही चुकलं तर कितीही महाग पावडरी आणल्या तरी तुमच्या टी-३४ चं झालं तेच होणार. एअरब्रश नसला तर अडत नाही, घाई असली तर मात्र अडतं.

आता राहिली हॅचची गोष्ट, ती मुद्दाम शेवटी ठेवलीय कारण ती मला सगळ्यात जवळची आहे. एम४८ मध्ये चार माणसं. ड्रायव्हर पुढे मध्ये, त्याची स्वतःची हॅच. टरेटमध्ये उजवीकडे कमांडर, त्याच्यापुढे खाली गनर, आणि डावीकडे लोडर. गनरला वेगळी हॅच नाही, त्याला बाहेर पडायचं तर कमांडरच्या मागोमाग किंवा लोडरच्या बाजूने. म्हणजे तुम्ही कुठली झाकणं उघडी ठेवता आणि कुठली बंद, त्यावरून कोण बाहेर पडलं आणि कोण नाही हे तुम्ही सांगत असता, तुमच्या मनात असो वा नसो. चिखलात सोडून दिलेल्या गाडीची सगळी झाकणं उघडी असतात. जळालेल्या गाडीवर ड्रायव्हरची हॅच बंद ठेवलीत तर समजणाऱ्याला ते समजतं. मी मॉडेलमध्ये प्रेतं ठेवत नाही, समोरच्या फौजेचीही नाही, पण ही झाकणं मी कधी सहज म्हणून चिकटवत नाही.

म्हणून अर्धं पान लिहाल तेव्हा ही तीन झाकणं त्यात पहिल्या ओळीत लिहा. उघडी असतील तर आतला भाग टरेट बंद करायच्या आधी रंगवायला लागेल, न जळालेली गाडी असेल तर आत पांढरा, जळालेली असेल तर काळा-राखाडी आणि थोडा गंज, पांढऱ्याचा मागमूस नको. ते लिहून झालं की इथेच टाका, आणि हलला पहिलं भोक पाडायच्या आधी पेन्सिलने खूण करून एक फोटोही टाका, मी बघतो.